ट्रॉलीची डावी बाजू

मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. अक्षरलेखनाच्या सरकारी परीक्षेत जिल्ह्यात दुसरा आलो होतो, त्याचं प्रशस्तिपत्र अजून माझ्या भिंतीवर आहे. शाळेच्या दर्शनी भागातले सुविचार माझ्या हातचे. पट्टी लावून, ओळी आखून काढलेले. त्यात एक रेघ वाकडी दाखवा, मिशी उतरवून देतो. तरीही आमच्या गावात, आणि खरं बोलायचं तर आष्ट्यापासून उंब्रजपर्यंत, अक्षर म्हटलं की लोक केरबा पेंटरचं नाव घेतात. माझे सुविचार पोरं वाचत नाहीत. केरबानं रंगवलेली ट्रॉली गेली की चहा टाकून बघायला उठतात.

हे मला कधी पचलं नाही. केरबा शिकला सातवीपर्यंत. त्याचा बाप गवंडी. पोरगं भिंत बांधायच्या ऐवजी भिंतीवर कोळशानं नावं काढत बसतं म्हणून बापानं त्याला घराबाहेर काढलं, आणि केरबानं बाहेर पडताना भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा बापाचा ओळंबा तेवढा उचलून आणला. तो ओळंबा अजून त्याच्या रंगाच्या पेटीत असतो.

त्याचं अक्षर न पाहिलेला माणूस आमच्या भागात सापडायचा नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. उसाच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव, गाव, देवाचं नाव आणि मागच्या फळीवर एखादं वाक्य असतं. केरबाचं अक्षर म्हणजे अंगानं जाडजूड, पुढं झुकलेलं, आणि प्रत्येक काना खाली एका चौकोनी ठोकळ्यावर उभा. त्या ठोकळ्याला तो ‘जोतं’ म्हणतो. मी एकदा त्याला सांगितलं, की बाबा रे, देवनागरीत अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, त्याला खाली पाया नसतो.

‘‘सर, तुमचं अक्षर टांगल्यालं आसंल,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्यात जोत्याबिगर घर न्हाई. पहिल्या पावसात खचतंय.’’

जाडपणाचंही त्याच्याकडं कारण होतं. उसाच्या फडात ट्रॉली गुडघाभर चिखलात जाते, आणि निम्मा चिखल अंगावर घेऊनच कारखान्यावर उभी राहते. तिथं बारीक अक्षर काढलं तर मालकाला आपलीच ट्रॉली सापडायची नाही. हे कारण मला पटायचं. पण पटलं असं मी त्याला कधी म्हणालो नाही.

आणि ते झुकणं? ती निव्वळ चूक. त्याची पहिली ट्रॉली आमच्याच गावच्या बाळासोच्या वडिलांची. दसरा दोन दिवसांवर आला आणि ट्रॅक्टर कालव्याच्या चढावर ट्रॉलीसकट बंद पडला. मिस्त्री काही येईना. केरबाचं नुकतंच लग्न झालेलं, पहिलंच मोठं काम, ते हातचं जाईल म्हणून तो चढावरच रंगवायला बसला. बायको डबा घेऊन दिवसभर तिथंच. ट्रॉलीच्या पट्टीला धरून ओळ आखली, आणि बापाची शिकवण म्हणून प्रत्येक काना ओळंबा लावून सरळ उभा केला. काम झालं झकास. मग मिस्त्री आला, ट्रॅक्टर सपाटीला उतरला, आणि बघतात तर दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं ट्रॅक्टरच्या दिशेनं झुकलेली! चढावर सरळ उभा केलेला काना सपाटीला आल्यावर पुढं कलणारच. केरबाला घाम फुटला. बाळासोच्या वडिलांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. ‘‘आरं, पळतंय की रं नाव!’’

तेव्हापासून चाळीस वर्षं केरबाचं अक्षर ट्रॅक्टरमागं पळतंय. त्या चुकीचा त्यानं कायदा केला. ट्रॉली जिकडं जाणार, अक्षर तिकडं झुकलं पाहिजे. उजव्या बाजूला ते उजवीकडं झुकतं आणि डाव्या बाजूला डावीकडं. बाकी काही मागा, मिळेल. पण एकदा एका हौशी मालकानं सरळ अक्षर मागितलं, तर केरबा त्याला म्हणाला, ‘‘मग ट्रॉली इकून टाका आन घर बांधा.’’

दोन वर्षांपूर्वी केरबाचा उजवा हात थरथरायला लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. गड्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. जाड अक्षरात थोडी थरथर लपते. पण माझी नजर चित्रकलावाल्याची. ‘सिद्धनाथ’मधल्या द्धच्या पोटात मला ती दिसली. मी विचारलं तर आधी चिडला, मग ट्रॉलीच्या दांडीवर बसला.

‘‘सर, मराचं मला काय न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘पर माज्यामागं ही समदी ट्रॉल्यांवर छापील चिकटवनार बगा. पेपरातल्यावानी. उबी, मुकी अक्षरं. माजं पळतं अक्षर माज्यासंगं जळनार.’’

आयुष्यभर त्याचा हेवा केला, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. घरी येऊन मी ब्राह्मीला फोन केला.

ब्राह्मी म्हणजे खताच्या दुकानवाल्या शांतिनाथ चौगुल्यांची मुलगी, माझीच विद्यार्थिनी. पुण्यात ती अक्षरांचंच काम करते. छपाईची नवी अक्षरं तयार करून संगणकात घालायची, आणि त्याचा तिला पगार मिळतो. ती आली, केरबानं रंगवलेली एक ट्रॉली बघितली आणि रस्त्यातच खाली बसली.

‘‘सर, हा तर स्लॅब सेरिफ आहे! बोल्ड इटॅलिक! अस्सल डिस्प्ले फाँट!’’

‘‘काय म्हंत्या?’’ केरबानं मला विचारलं.

‘‘जोतं असलेलं, जाड, पळतं आणि मोठं अक्षर म्हणते,’’ मी म्हणालो.

‘‘मग त्येला पुण्याला कशाला जावं लागतंय?’’ केरबा म्हणाला. पण खूश झाला होता. ब्राह्मीनं त्याला सांगितलं, की तुमचा हात चालतोय तोवर सगळी अक्षरं काढून द्या, मी ती संगणकात घालते, मग कुठल्याही दुकानात रेडियमची पट्टी कापून तुमचंच अक्षर ट्रॉलीवर लावता येईल. केरबानं पंच्यानं डोळे पुसले आणि डोळ्यात टर्पेंटाइन गेलं म्हणाला. त्या दिवशी रंगाची पेटी बंदच होती.

काम सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी अडलं. ब्राह्मीनं पांढरा पुठ्ठा पुढं ठेवला. ‘‘काका, अ काढा.’’

‘‘कुनाचा?’’

‘‘कुणाचा नाही. नुसता अ.’’

केरबानं कुंचला खाली ठेवला. ‘‘पोरी, नुस्ता अ कुटं आसतोय? आकारामचा आसतोय, अंबिकेचा आसतोय. मालक कोन, गाव कुटलं, ट्रॅक्टर कंचा, ह्ये कळल्याबिगर हात कसा उटनार?’’

आम्ही तास घालवला. हात खरंच उठला नाही. चाळीस वर्षांत त्यानं बिनमालकाचं अक्षर काढलं नव्हतं. शेवटी मी प्रत्येक अक्षराला ट्रॅक्टरमालक शोधायला बसलो. झ साठी झांबरे, ढ साठी ढवळीचे ढोले, ठ साठी विठ्ठल. ङ पाशी माझी मती खुंटली. मी ‘वाङ्मय’ सुचवलं.

‘‘ह्यो कुटल्या गावचा?’’ केरबानं विचारलं.

‘‘माणूस नाही, पुस्तकं असतात ती.’’

‘‘ट्रॅक्टर हाय का त्येच्याकडं?’’

मी निर्लज्जपणे सांगितलं, की वाङ्मय मंडळानं जुना ट्रॅक्टर घेतलाय, पुस्तकं वाहायला. मग जो ङ उमटला, तो मी सरकारी परीक्षेतसुद्धा पाहिला नव्हता.

या सगळ्या काळात केरबाची बायको हरणाबाई चहा करून द्यायची. बाई कमी बोलायची. माझा तिच्यावर एकच राग. कप डाव्या हातानं पुढं करायची. सासूनं त्यापायी तिला लग्नानंतर वर्षभर पंगतीत वाढू दिलं नव्हतं म्हणतात. मीही एकदा बोललो, ‘‘हरणाबाई, पाहुण्याला चहा उजव्या हातानं द्यावा.’’ तिनं कप उजव्या हातात घेतला आणि निम्मा चहा माझ्या पायजम्यावर सांडला. तेव्हापासून मी डाव्या हातानं आलेला चहा मुकाट्यानं घेत होतो.

पुठ्ठ्यावरच्या अक्षरांना जोड म्हणून ब्राह्मीला जुन्या ट्रॉल्यांचे फोटो हवे होते. तिथं मी माझी अक्कल चालवली. केरबाच्या नकला करणारे पेंटर पलूसपासून वडूजपर्यंत झालेत. मी तिला बजावलं, ‘‘जिथं खाली ‘केरबा पेंटर’ अशी सही असेल, तोच नमुना अस्सल. बिनसहीचं एकही घ्यायचं नाही.’’ सही नेहमी ट्रॉलीच्या उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात. ओव्हरटेक करणाऱ्याला दिसावी म्हणून तिथं, अशी माझी समजूत. ब्राह्मीनं गुणी मुलीसारखं ऐकलं. दीडशे ट्रॉल्यांच्या दीडशे उजव्या बाजू गोळा झाल्या.

केरबानं मध्ये एकदा विचारलं होतं, ‘‘आन डाव्या बाजूचं?’’

‘‘केरबा,’’ मी म्हणालो, ‘‘ते यंत्राचं काम. आपण त्यात पडू नये.’’

त्यानं पुढचं अक्षर काढायला घेतलं. मोठ्या परीक्षेत दुसरा आलेला माणूस बोलला म्हटल्यावर काय करणार?

श्रावणापर्यंत अक्षर तयार झालं. ब्राह्मीनं त्याला ‘केरबा’ नाव दिलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं. फुकट म्हटल्यावर आमच्या लोकांना दम निघतो होय? एकानं त्यात लग्नपत्रिका छापली. बारीक अक्षराला जाड जोती, त्यामुळं मुहूर्ताच्या जागी नुसते काळे डाग. निम्मं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचलं. दुसऱ्यानं चुलत्याच्या दहाव्याचा फलक त्यात केला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी काही सुसाट पळत होती, की म्हाताऱ्याला शेवटची एसटी गाठायची आहे असं वाटावं. ब्राह्मी कपाळाला हात लावून सांगत फिरली, की हे मोठ्या नावासाठी आहे, बारीक मजकुरासाठी आणि दुःखासाठी नाही. केरबा मात्र तोवर कुंचला धरू शकत नव्हता. चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरायचा. त्याची सगळी आशा दसऱ्यावर होती. त्या दिवशी संगणकातून निघालेलं त्याचं अक्षर पहिल्यांदा ट्रॉलीवर लागणार होतं.

ट्रॉली होती बाळासोची, म्हणजे ज्यांनी मांडीवर थाप मारली त्यांच्या मुलाची. बाळासो सैन्यातून हवालदार म्हणून परत आलेला. लाल ऑइलपेंटची कोरी ट्रॉली, त्यावर पिवळी रेडियमची अक्षरं. दसऱ्याच्या पूजेला ती पारावर आणली. आम्ही उजव्या बाजूला उभे. ‘सिद्धनाथ प्रसन्न’ पळत होतं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. केरबानं थरथरता तळवा त्या अक्षरांवरून फिरवला. मी ब्राह्मीकडं अभिमानानं पाहिलं.

मग बाळासो पलीकडच्या बाजूला गेला.

‘‘ह्ये काय?’’ तिकडून आवाज आला. ‘‘ट्रॅक्टर चाललाय पुढं आन सिद्धनाथ पीछे मुड!’’

आम्ही धावलो. डाव्या बाजूलाही तीच अक्षरं, उजवीकडंच झुकलेली. पण या बाजूला उजवीकडं म्हणजे ट्रॉलीच्या शेपटाकडं. शाळेत न्यायला हात धरून ओढलेलं पोरगं जसं मागं रेलतं, तसं सगळं नाव मागं रेललं होतं. कुणी हसलं नाही. केरबा वळला आणि घराकडं चालायला लागला.

बाळासोनं फौजी हट्टानं ट्रॅक्टर तसाच पुढं काढला. तो कालव्याच्या त्याच चढावर चढला, ठसकला, बंद पडला आणि हळूहळू चार हात मागं आला. डिझेल संपलं होतं. टाकी उघडून मी स्वतः सगळ्यांना दाखवलं. पण एकजण ऐकेल तर शपथ. ‘‘आवं सर, नावच मागं वडतंय, त्येला डिझेल काय करनार?’’ असं मलाच ऐकवलं.

ब्राह्मी तोवर पाराजवळच्या एका जुन्या ट्रॉलीला वळसा घालून आली. तिचा चेहरा उतरला होता. ‘‘सर, जुन्या ट्रॉल्यांची डावी बाजू आपण बघितलीच नाही. तिथं अक्षर डावीकडं झुकलंय. आणि ते नुसतं उलटं कललेलं नाही, वळणच वेगळं आहे. संगणकात कलवून ते येणार नाही. कुणीतरी हातानंच काढून द्यायला पाहिजे.’’

हात तर संपला होता. म्हणजे केरबाचं निम्मं अक्षर गेलं होतं, आणि ते घालवणारा मी. सहीचा नियम माझा. यंत्राचं काम म्हणून त्याला गप्प मी बसवलं. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो.

केरबा सोप्यात बसला होता. मी म्हणालो, ‘‘केरबा, चूक माझी. पण कसंही करून डाव्या बाजूची थोडी अक्षरं काढून दे. वेडीवाकडी चालतील, ब्राह्मी सुधारून घेईल.’’

‘‘मला न्हाई येत,’’ केरबा म्हणाला.

‘‘थरथरली तरी चालतील.’’

‘‘आवं सर, थरथर न्हवं. डावीकडचं मला कवाच येत न्हवतं.’’

मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम. ‘‘मग चाळीस वर्षं काढत होतं कोण?’’

केरबानं स्वयंपाकघराकडं पाहिलं.

हरणाबाई परातीत पीठ मळत होती. डाव्या हातानं. तो हात पाहिला आणि इतकी वर्षं मी एवढा आंधळा कसा, असं मला वाटलं.

मग केरबा बोलला. त्या पहिल्या वेळी चढावर, दोन दिवसांत दोन बाजू एकट्याच्यानं होईनात. बायकोनं दुसरा कुंचला उचलला. त्यानं उजवी बाजू केली, तिनं डावी. पुढं तेच रुळलं. त्याचा हात डावीकडं झुकायला तयारच नसायचा आणि तिचा आपसूक जायचा. ‘‘पर लोकं म्हनली आसती, बायकुकडनं काम करून घेतंय. म्हनून मी बोललो न्हाई,’’ केरबा मान खाली घालून म्हणाला. ‘‘ह्ये माजं चुकलंच.’’

‘‘आणि तुम्ही?’’ मी हरणाबाईला विचारलं. ‘‘तुम्ही तरी सांगायचं होतं.’’

‘‘मला कवा कुनी इचारलंच न्हाई,’’ ती पीठ झटकत म्हणाली. ‘‘आन लपवलंय कुटं? ट्रॉली उबी आसायची रस्त्याकडंला. हेंची बाजू रस्त्यावर, माजी बांधाकडं. तुमी रोज सायकलवरनं रस्त्यानंच जायचा की सर.’’

तेहेतीस वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो. ट्रॉलीखालून दोन पावलं आणि रंगाचा डबा दिसायचा. बाई रंग ढवळत असेल, असं समजून मी घंटा वाजवत पुढं जायचो. चांगलं अक्षर बघून जळायचो, तेही निम्म्याच अक्षरावर.

ब्राह्मीनं पुठ्ठा पुढं केला. ‘‘काकू, अ काढाल?’’

हरणाबाईनं हात धुतले, पदर खोचला, आणि विचारलं, ‘‘कुनाचा?’’

पुन्हा झांबरे आले, ढोले आले, वाङ्मय मंडळाचा ट्रॅक्टर आला. पंधरा दिवस हरणाबाई काढत होती आणि केरबा शेजारी बसून डबा धरत होता. दोन्ही हातांनी. रंग ढवळायला त्याच्या थरथरीचा उपयोग होतो, असं तो स्वतःच म्हणाला आणि स्वतःच हसला. चहा मी केला. बरा झाला नव्हता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी बाळासोची ट्रॉली नवी डावी बाजू लावून पारावर उभी राहिली. बाळासोनं आधी सगळ्यांना टाकी दाखवली, भरलेली. मग आम्हाला डावीकडं नेलं. ‘सिद्धनाथ’ ट्रॅक्टरकडं झेपावला होता, आणि खरं सांगतो, उजव्या बाजूपेक्षा अंगुळभर जास्तच ऐटीत. खालच्या कोपऱ्यात, जिथं चाळीस वर्षं नुसता लाल रंग असायचा, तिथं रेडियमची नव्हे तर कुंचल्याची दोन बारीक शब्दांची सही होती. ‘हरणाबाई पेंटर’. ती तिनं सकाळी येऊन स्वतः काढली होती.

केरबा वाकून कितीतरी वेळ बघत होता. मग बायकोकडं न बघता म्हणाला, ‘‘सही लय बारीक झाली गं. मोटी पायजे हुती.’’

‘‘पयलीच हाय,’’ हरणाबाई म्हणाली. ‘‘पुडच्या ट्रॉलीला करती मोटी.’’